चवदार तळ्यापासून ठाण्याच्या टेबलापर्यंत : आपल्या हक्कांच्या कागदाचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात धम्मावर, बाबासाहेबांच्या जीवनावर आणि विहार कसा उभा राहिला यावर लेख असतातच. ते असलेच पाहिजेत. परंतु या वेळी आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या बापजाद्यांनी कायदा हातात कसा धरला, तो हातातून कसा निसटला आणि पुन्हा कसा धरला, याचा हा इतिहास आहे. आम्ही काही वकील नाही. गिरणीत पाळी करता करता, युनियनच्या कचेरीत बसून, जुनी पुस्तके आणि निकालांच्या झेरॉक्स वाचून जे समजले आणि लोकांबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढून जे पाहिले, ते इथे मांडतो.

मानवी हक्क हा शब्द आपल्या लोकांना अजून परका वाटतो. तो मुंबई-दिल्लीच्या सेमिनारातला शब्द आहे असेच वाटते. पण दोन तारखा पाहा. ९ डिसेंबर १९४८ रोजी दिल्लीच्या घटना समितीत एका कलमावर चर्चा झाली. मूलभूत हक्क मोडला तर नागरिकाने सरळ सर्वोच्च न्यायालयात जावे, असे सांगणारे ते कलम, म्हणजे आजचे कलम ३२. बाबासाहेबांनी त्या दिवशी त्याला घटनेचा आत्मा म्हटले. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असे वाचता येणारे शब्द होते, ते बदलून 'सर्व मानव' करण्यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता भांडल्या. म्हणजे जगात हक्कांची यादी होत होती त्याच आठवड्यात आपल्याकडे, हक्क मोडला तर दाद कुठे मागायची, याचा विचार चालू होता. बाबासाहेबांनी दाद मागण्याच्या दाराला एवढे महत्त्व का दिले? कारण नुसत्या यादीने काय होते, ते त्यांनी महाडला पाहिले होते.

ठराव होता, पाणी नव्हते

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी व्यवस्थेतली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाऊ देणार कोण?

म्हणून २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. पुढे काय झाले ते आपण दरवर्षी ऐकतो. देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. मात्र एक गोष्ट आपण भाषणात फारशी सांगत नाही. मार खाल्लेले लोक उलट हात उगारायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थोपवले आणि प्रकरण पोलिसांत व कोर्टात नेले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना शिक्षाही झाली. म्हणजे महाडचा पहिला दिवस सत्याग्रहाचा होता, तसाच तो फिर्यादीचाही होता.

पुढची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहाचा दुसरा टप्पा ठरला, तेव्हा सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. लोक जमले होते, तापले होते. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर गेले नाहीत. एका हाताने जुना कायदा जाळला आणि दुसऱ्या हाताने नवा कायदा पाळून लढले. तो दावा खालच्या कोर्टांतून वर चढत दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की तळे खाजगी नाही आणि ती तथाकथित वहिवाट कायद्याला मान्य होण्याइतकी प्राचीन असल्याचे सिद्ध झालेले नाही.

पाणी एका दिवसात ओंजळीत आले. ते पाणी आपले आहे हे कागदावर यायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत तारखांना हजर राहणारे, साक्षी देणारे, कागद जपणारे लोक होते म्हणून निकाल लागला.

आमच्या वऱ्हाडात

महाड कोकणात, मुंबई इलाख्यात. आपले मलकापूर वऱ्हाडात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले. त्यामुळे मुंबईचे ठराव आपल्याला लागू नव्हते, पण वारे लागल्याशिवाय राहिले नाही. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले. वऱ्हाडच्या गावोगावची आपली माणसे त्यानंतर विहीर, देऊळ, शाळा या प्रश्नांवर बोलू लागली.

कायदा मात्र उशिरा आला. १९४७ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने दोन कायदे केले. एक अनुसूचित जातींवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याचा आणि दुसरा मंदिर प्रवेशाचा. मग २६ जानेवारी १९५० पासून घटनेचे कलम १७ आले. अस्पृश्यता नष्ट झाली, तिचे पालन हा गुन्हा झाला. तो गुन्हा ठरवणारा देशभराचा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला आणि प्रांतांचे जुने कायदे त्यात विरले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड.

पण नळगंगेच्या काठच्या आणि घाटाखालच्या खेड्यांत त्याने किती फरक पडला? जुनी माणसे सांगत, हॉटेलात कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे, तो आपणच धुवायचा, चहा वरून ओतायचे. कायद्याने तो गुन्हा होता. पण गुन्हा म्हणून सांगायचे कोणी? ज्याच्या वावरात उद्या निंदाले जायचे त्याच्याच भावाच्या विरोधात? त्यातून १९७६ पर्यंत हा गुन्हा आपसात मिटवता येत असे. मिटवता येतो म्हटल्यावर मिटवायला लावणारेही गावात असतातच. ही वाट १९७६ च्या दुरुस्तीने बंद झाली. १९ नोव्हेंबर १९७६ पासून कायद्याचे नावही बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि किमान एक महिन्याची शिक्षा व दंड सक्तीचा झाला.

आम्ही गिरणी कामगार, म्हणून आणखी एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसरा कामगार तोंडात कसा धरणार, ही सबब. विणाईत पगार जास्त, म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर स्पष्ट मांडला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. गिरणीत आज ज्याला आठ तासांची पाळी मिळते, मग तो कोणत्याही जातीचा असो, तो या लढ्याचा वाटेकरी आहे. मानवी हक्क म्हणतात तो हाच. तो एका जातीसाठी मागितला तरी सगळ्यांच्या घरात पोचतो.

धम्म घेतला आणि कायद्याने ओळख काढून घेतली

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या आपल्या भागातूनही माणसे भाकरी बांधून गेली. परत आली ती बौद्ध होऊन. मात्र कायद्याच्या पुस्तकात तेव्हा एक विचित्र गोष्ट होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे होते. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध नव्हते.

परिणाम असा झाला की गावाच्या नजरेत माणूस तोच राहिला, पण केंद्र सरकारच्या कागदावर तो अनुसूचित जातीतून बाहेर गेला. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून राज्याच्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राच्या मात्र नव्हत्या. संरक्षणाचे तेच. १९५५ च्या कायद्यात एक कलम होते की अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत गुन्ह्याचे कृत्य झाले तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे कोर्टाने धरून चालावे, तसे नव्हते हे आरोपीने दाखवावे. जो बौद्ध म्हणून उभा राहिला त्याला हा आधार सरळ मिळत नव्हता. शिव्या मात्र जुन्या जातीच्याच मिळत.

हा अन्याय दूर व्हायला चौतीस वर्षे लागली. मोर्चे निघाले, निवेदने गेली, अधिवेशने झाली. शेवटी १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार असताना संसदेने आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्ध हा शब्द त्यात आला. आपल्या विहारात येणाऱ्या तरुणांना आज जातीचा दाखला सहज मिळणारी वस्तू वाटते. त्या दाखल्यामागे दोन पिढ्यांचा हा मधला काळ आहे, हे त्यांनी विसरू नये.

अॅट्रॉसिटी हा शब्द कोणाचा?

त्याच सुमारास दुसरा कायदा आला. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर शेजारच्या मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. देशात इतरत्रही हत्याकांडे झाली. तेव्हा लक्षात आले की विहीर, देऊळ आणि कपबशीपुरता कायदा पुरेसा नाही. ज्याने अस्पृश्यता मानायचे नाकारले त्याला धडा शिकवण्यासाठी हे हल्ले होत होते. त्यातून १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. त्याचे नियम १९९५ मध्ये आले. मोठी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली.

या कायद्याने काय दिले? अटकपूर्व जामीन बंद केला. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा असे बंधन घातले. विशेष न्यायालय आणि विशेष सरकारी वकील दिले. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा ठेवली. पीडिताला व साक्षीदाराला प्रवासभत्ता, जेवणखर्च आणि अर्थसहाय्य दिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती ठेवली. कागदावर पाहिले तर कायदा भक्कम आहे.

परंतु आपल्या बोलण्यात या कायद्याचे काय झाले ते पाहा. कोणी जातीवरून मारहाण केली तर लोक 'त्याने अॅट्रॉसिटी केली' असे म्हणत नाहीत. मार खाणारा ठाण्यात गेला की म्हणतात, 'त्याने अॅट्रॉसिटी केली', 'अॅट्रॉसिटी लावली'. अॅट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. म्हणजे आपल्या भाषेत अत्याचार करणारा कोण झाला? तक्रार करणारा! आम्हाला वाटते, कायद्याचे सगळ्यात मोठे नुकसान या एका शब्दाच्या उलट वापराने केले आहे. आपल्या पोरांनीही हा शब्द तसाच उचलला आहे. तो आधी सुधारला पाहिजे.

ठाण्याचे टेबल

आता मुख्य गोष्टीकडे येतो. संसदेत कायदा झाला, पण तो माणसाच्या उपयोगाला येतो तो ठाण्यातल्या टेबलावर. तिथे पहिला कागद कसा लिहिला जातो यावर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात.

आम्ही पाहिलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि ठाण्याचे नाव सांगत नाही. एका सालदाराने आपला उरलेला हिशोब मागितला. मालकाने चार माणसांसमोर जातीवरून शिव्या दिल्या, हात टाकला. तो ठाण्यात गेला. तिथे लिहिले गेले ते 'पैशाच्या देवाणघेवाणीवरून किरकोळ बाचाबाची', अदखलपात्र, म्हणजे लोक ज्याला एनसी म्हणतात ते. जात कागदात आलीच नाही. शिव्या 'अश्लील शिवीगाळ' अशा दोन शब्दांत संपल्या. त्याला वाचून दाखवले नाही. त्याने अंगठा दिला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच चोरीचा अर्ज आला. मग गावातली शहाणी माणसे घरी येऊन बसली. "जाऊ दे ना बाप्पा, कोर्टात जाऊन का भाकर भेटते?" त्याची बायको मात्र ऐकेना. ती म्हणाली, "भाकर तं रोजच कमावतो, आज इज्जतीचं बोला." दोघे आमच्याकडे आले. आम्ही घडले ते तसेच लिहून काढले. दिवस, वेळ, जागा, बोललेले शब्द, तिथे उभी असलेली माणसे. तो अर्ज रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. नियमातच तशी सोय आहे. गुन्हा दाखल झाला.

पण गोष्ट इथे संपली नाही. खटला उभा राहिला तोपर्यंत वर्षे गेली. चार साक्षीदारांपैकी दोघे त्याच मालकाच्या वावरात सोयाबीन सोंगत होते. त्यांनी 'आम्ही तिथे नव्हतो' असे सांगितले. आरोपी सुटला. गावात ओरड झाली, खोटी केस होती म्हणून. समाजबांधवहो, आरोपी सुटला म्हणजे केस खोटी होती असे नसते. साक्षीदार फिरला म्हणजे घटना घडली नाही असेही नसते. साक्षीदाराचे पोट आरोपीच्या हातात होते एवढाच त्याचा अर्थ. तरीही त्या सालदाराला आम्ही नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, हारलो ते खरं. पण त्यानंतर कोणी तशी शिवी देली नाही." इतिहासाच्या पुस्तकात असे निकाल येत नाहीत. गावात येतात.

खैरलांजी

जे आपल्याकडे लहान प्रमाणात घडते ते २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भीषण रूपात घडले. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका आणि मुले रोशन व सुधीर यांना गावाच्या जमावाने मारले. बौद्ध कुटुंब, स्वतःची जमीन कसणारे, मुलीला शिकवणारे. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताईंनी साक्ष दिली होती, आरोपी ओळखले होते. साक्षीदार फिरत नाहीत म्हणून आपण हळहळतो. ही बाई फिरली नव्हती. तिला त्याची किंमत मोजावी लागली.

सुरुवातीच्या तपासात हलगर्जी झाली, पुढे अधिकारी निलंबित झाले. विदर्भभर लोक रस्त्यावर आल्यानंतर प्रकरण देशापुढे आले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले. सूडातून घडलेले हत्याकांड, असे त्याचे स्वरूप मानले गेले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची जन्मठेप केली. भय्यालाल भोतमांगे एकटेच वाचले होते. ते २०१७ च्या जानेवारीत गेले. आपल्या घरावरचा हल्ला जातीमुळे झाला, हे कोर्टाच्या कागदावर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

खैरलांजीतून आपण काय घ्यायचे? रडणे पुरेसे नाही. मारहाणीची शिक्षा एका कायद्याने होते, जातीच्या अत्याचाराची दुसऱ्या. दुसरी सिद्ध करायला पहिल्या दिवसापासून तसा पुरावा जमवावा लागतो. तो काळजीपूर्वक जमवला गेला नाही तर जगाला दिसणारी जात कोर्टाला दिसत नाही.

पुन्हा २० मार्च

तारखांचा योगायोग पाहा. २० मार्च २०१८, म्हणजे बरोबर महाडच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी, अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, अटकपूर्व जामिनालाही पूर्ण मनाई नाही, असे त्यात आले. २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद झाला आणि काही राज्यांत माणसांचे प्राण गेले. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून चौकशीची व मंजुरीची अट काढली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरवले.

गैरवापराचा प्रश्न टाळून चालणार नाही. कधी कधी गावातले दोन गट भांडतात आणि एक गट आपल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसऱ्यावर नेम धरतो. निवडणुकीच्या दिवसांत हे जास्त होते. अशा वेळी आपण ठाम नाही म्हटले पाहिजे. आपल्या आयाबहिणींच्या अश्रूंवर उभा असलेला कायदा दुसऱ्याच्या राजकारणाला भाड्याने द्यायचा नसतो.

दंडाची पावती

सगळाच इतिहास हरल्याचा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये शेजारच्या खानदेशात आणि १९६४ च्या डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोकांनी तुरुंग भरले. त्याच चळवळीच्या बळावर आपल्या लोकांनी पडीक सरकारी जमिनी कसायला घेतल्या. मराठवाड्यात त्यांना गायरान म्हणतात, आपल्याकडे ई-क्लास. तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून नोंद करायचा, दंड करायचा, पावती द्यायचा. म्हाताऱ्या माणसांनी त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या. का जपता म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले, "सरकारी कागद हाय, असू दे."

पुढे १९९१ साली शासन निर्णय आला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करावीत. पण जमीन तेव्हापासून कसत होतो याचा पुरावा काय? तीच दंडाची पावती! शिक्षा म्हणून दिलेला कागद हक्काचा पुरावा झाला. ज्यांनी पावत्या फेकल्या त्यांना वर्षानुवर्षे चकरा माराव्या लागल्या. आमच्या मते आपल्या समाजाच्या कायद्याच्या शिक्षणाचा हा सर्वात मोठा धडा आहे, आणि तो शिकवला अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांनी.

हातात काय आहे?

आता आपल्या हातात काय काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण स्मरणिका घरात राहते आणि वेळेला उपयोगी पडते.

तक्रार लिहून न्यावी, दोन प्रतीत, आणि एकीवर पोच घ्यावी. बोललेले शब्द आहेत तसे लिहावेत, लाजू नये. घटना लोकांच्या नजरेसमोर घडली असेल तर कोण कोण होते ते लिहावे, कारण अपमानाच्या कलमाला चारचौघांत घडलेले लागते. एफआयआर वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नये. तिची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. दखलपात्र गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. ठाण्यात घेतले नाही तर अधीक्षकांना टपालाने, तिथेही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावे व कलमांचे आकडे बदलले, पण ही वाट बंद झालेली नाही. आता तर घटना कुठल्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आम्हा गिरणीवाल्यांपैकी पुष्कळांना हे माहीत नसते. जातीवाचक शिवीगाळीच्या प्रकरणात नियमाप्रमाणे एक लाखाचे अर्थसहाय्य आहे. पाव हिस्सा गुन्हा नोंदल्यावर, अर्धा दोषारोपपत्रानंतर आणि उरलेला शिक्षा झाल्यावर. त्यासाठी राजूर घाट चढून बुलढाण्याला समाजकल्याणच्या कचेरीत पाठपुरावा करावा लागतो. प्रकरण कुठे अडले हे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते. वाळीत टाकणे हाही महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे.

आणि मानवी हक्क आयोग. राष्ट्रीय आयोग १९९३ चा, आपल्या राज्याचा २००१ चा. पोलिसांनी कोठडीत मारले, सरकारी नोकराने दुर्लक्ष केले, तर साध्या मराठीत अर्ज चालतो, फी नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. पण आयोगाने खुलासा मागवला की दडपलेली फाईल वर येते, हे आम्ही पाहिले आहे.

विहाराकडून अपेक्षा

शेवटी विहार समितीला आणि सर्व उपासक-उपासिकांना आमची विनंती. आपण रविवारी वंदनेला जमतो. वंदनेनंतर अर्धा तास अर्ज लिहिण्याला द्यावा. विहारात एक कपाट असावे, त्यात या कायद्यांची मराठी पुस्तके आणि कोरे कागद असावेत. दोन शिकलेली पोरे आणि दोन पोरी अशा असाव्यात की कोणावर प्रसंग आला तर रात्रीसुद्धा त्याच्याबरोबर ठाण्यात जातील. खेड्यावरचा साक्षीदार तारखेला आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला नियमाने मिळणारा भत्ता मागून द्यावा, आणि तो येईपर्यंत त्याच्या चुलीची सोय समाजाने करावी. साक्षीदार पोटासाठी फिरत असेल तर त्याच्या पोटाचा प्रश्न आपला आहे. दहा डिसेंबरला भाषणांबरोबर त्या वर्षी आपल्या तालुक्यात नोंदल्या गेलेल्या प्रकरणांचे काय झाले, याचे वाचन व्हावे.

१९२३ चा ठराव चार वर्षे कपाटात पडून होता, कारण कोणी तळ्यावर गेले नव्हते. आजचे कायदेही ठाण्याच्या आणि कचेरीच्या कपाटात पडून आहेत. ते बाहेर काढायला बाबासाहेब पुन्हा येणार नाहीत. त्यांनी वाट दाखवून ठेवली आहे. तळ्यावरही जायचे, कोर्टातही जायचे, आणि पावती जपून ठेवायची.

जयभीम! नमो बुद्धाय!